दिवा आपला, तेल कोणाचं?



दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या राजापेठेत पाय ठेवायला जागा नसते. बडनेरा रोडनं येणारे ऑटो चौकात थांबतात. हातात पिशव्या घेतलेल्या बाया उतरतात आणि रस्त्याच्या कडेला मांडलेल्या दुकानांकडे वळतात. पणत्या, रांगोळी, लाह्या-बत्तासे, झाडू, आकाशकंदील आणि लाइटिंगच्या माळा असं सगळं तिथं असतं. मागच्या वर्षी अशाच गर्दीत एका गावच्या बचत गटातली बाई मला भेटली. तिच्या हातात एक माळ होती आणि माळेला पोस्टकार्डाएवढी काळी पाटी. ती म्हणाली, "ताई, हे उन्हावरची माळ घ्याव काय हो? दुकानदार पैसे तं जास्त सांगून राह्यला. लाइटचं बिल वाचते म्हणते. खरं काय?"

मी तिला दोन शब्दांत उत्तर देऊ शकले असते. पण मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आहे, त्यामुळे मला चटकन 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत नाही. शिवाय या बाबतीत आमच्या गटाचेही हात एकदा पोळले आहेत. ते पुढं सांगेनच. आज त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबून, आपल्या आजीच्या देवळीपासून देते.

माझी आजी दर्यापूर तालुक्यातली. तिच्या घरात दिवाळीची सगळी सामग्री वावरातून यायची. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. सीतादही करून वेचणी सुरू व्हायची. त्या नव्या कापसातला मूठभर आजी बाजूला ठेवायची, सरकी काढायची आणि मांडीवर वाती वळायची. तेल जवसाचं. आदल्या रब्बीत पिकलेली जवस गावच्या घाणीवर जायची, बैल गोल गोल फिरायचा आणि तेल घरी यायचं. तेच तेल भाजीत, तेच चटणीवर आणि तेच दिव्यात. मेळघाटात मोहाच्या बियांचं तेल काढत, कुठं करडईचं काढत. पणती गावच्या कुंभाराच्या घरून यायची, आणि त्याला सुगीत धान्य जायचं.

ही चाल फार जुनी. आपल्या जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथं सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. मराठीतला गद्य ग्रंथ म्हणून त्याचा मान मोठा. त्यातही दिवाळीच्या तेल-अंघोळीचा उल्लेख सापडतो. ज्ञानेश्वरीतही दिवाळी हा शब्द आला आहे. कार्तिकात उंच बांबूवर आकाशदिवा टांगायचा, देवळापुढची दगडी दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेला उजळायची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. आपला कागदाचा आकाशकंदील त्या आकाशदिव्याचाच वारसा सांगतो. कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि आत एक छोटी पणती.

पण बायांनो, जुनं सगळं सोन्याचं होतं असं समजू नका. आजी तेल चमच्यानं मोजायची. ज्याच्या वावरात जवस नाही, ज्याला वावरच नाही, त्याच्या दारात एखादीच पणती लागायची आणि तीही लवकर विझायची. आजी म्हणायची, "तेल सरलं का दिवाळी सरली." साधा हिशेब करून पाहा. एका पणतीत रोज दोन लहान चमचे तेल धरलं, तर दहा पणत्यांना पाच दिवसांत अर्धा लिटर तेल लागतं. खायचं तेल जपून वापरणाऱ्या घरात अर्धा लिटर जाळणं ही चैनच होती. म्हणून दिवाळीचा उजेड सगळ्यांना सारखा कधीच नव्हता. एक गोष्ट मात्र चांगली होती. ज्या घरात दिवा लागायचा, त्या घरातल्या बाईला दिव्याबद्दल सगळं माहीत असायचं. वात कशानं फडफडते, तेलात पाणी गेलं तर काय होतं, काजळी कशी झाडायची, हे तिला कोणाला विचारावं लागत नव्हतं. बिघडलेला दिवा तिच्याच हातानं नीट व्हायचा.

मग आगगाडी आली. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली. आपला कापूस त्या गाडीनं गेला आणि त्याच वाटेनं परदेशी माल आला. त्यात पुढं पत्र्याच्या डब्यांतून एक नवीन तेल आलं. आधी अमेरिकेचं, मग रशियाचं, मग ब्रह्मदेशाचं. आपण त्याला दोन नावं दिली. 'रॉक ऑइल', म्हणजे दगडातलं तेल, ते झालं रॉकेल. आणि 'गॅसलाइट'चं झालं घासलेट.

रॉकेलचा दिवा पणतीपेक्षा कितीतरी लख्ख. वाऱ्यात विझत नाही, खायच्या तेलात वाटेकरी होत नाही. रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून गावातल्या कारागिरांनी चिमण्या केल्या. काचेचा कंदील आला, आणि लग्नात, कीर्तनात गॅसबत्ती आली. उजेड वाढला, यात शंका नाही. पण तेल वावरातून हललं आणि दुकानात गेलं. दुसऱ्या महायुद्धात रॉकेलची टंचाई झाली तेव्हा खेड्यापाड्यांना कळलं की आता आपला अंधार-उजेड दूरच्या लढाईवर अवलंबून आहे. पुढं रेशनचं रॉकेल आलं. महिनाअखेरी डबकी घेऊन त्या रांगेत कोण उभं राहायचं, ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्यापैकी अर्ध्याजणी त्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत.

या काळातली एक गोष्ट बचत गटातल्या प्रत्येक बाईनं ऐकावी अशी आहे. कंदिलाची काचसुद्धा तेव्हा परदेशातून यायची. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी ठरवलं की प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी धंदे उभे करायचे. त्याचं नाव पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशा-पैशातून 1908 साली पुण्याजवळ तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि तिथं काचकाम शिकलेली माणसं देशभर गेली. पुढं 1916 साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेवर, कराडजवळ, ओगले बंधूंनी आपला काचकारखाना उभा केला. त्या गावाचं नावच ओगलेवाडी पडलं. तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला.

आपण महिन्याला पन्नास-शंभर रुपये टाकतो तेव्हा कोणी म्हणतं, एवढ्यात काय होणार? एका पैशानं काय झालं, ते सांगा त्यांना. तेल परकं झालं होतं, पण काच तरी आपली करू, दिवा तरी आपण घडवू, असं त्या लोकांनी ठरवलं. हा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढं लागणार आहे.

तिसरा उजेड विजेचा. शहरात तो आधी आला, खेड्यात सावकाश. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. साठच्या दशकात अकोला जिल्ह्यात पारसला कोळशावर वीज बनायला लागली. खांब गावोगाव निघाले. माझ्या माहेरी पहिला बल्ब लागला तेव्हा आजी पदरानं तोंड झाकून हसली होती. म्हणाली, "फुंकर मारून इझत नाही, मंग इझवावा कसा?"

मग दिवाळीला रंगीत माळा आल्या. बारक्या बारक्या बल्बांची ती माळ आठवते ना? एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. कारण त्यातले बल्ब एकाच तारेवर एकामागे एक ओवलेले असत. एकातून वीज तुटली की पुढं जायचीच नाही. घरातली पोरं तासन्‌तास एकेक बल्ब काढून बघायची. पण शोधला की सापडायचा, आणि माळ पुन्हा लागायची.

विजेनं आपलं आयुष्य सोपं केलं. पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, पोरांचा अभ्यास, काय काय सांगू. पण दिव्याचं तेल आता दुकानापेक्षाही लांब गेलं, थेट तारेच्या पलीकडच्या टोकाला. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमनात खेड्यांत बारा-बारा तास लाइन नसायची. लक्ष्मीपूजनाचं ताट तयार आणि घरात मिट्ट काळोख, असंही झालं. तेव्हा कोनाड्यातली पणतीच कामी आली. आजही पाऊस-वारा आला, डीपी जळली, की आपण हात जोडून बसतो. अमरावतीच्या वेशीवर नांदगाव पेठला मोठं वीज केंद्र उभं आहे. तरी आपल्या वाडीत लाइन कधी येणार, ते आपल्या हातात नाही.

आता त्या काळ्या पाटीकडे येऊ.

1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तिघा शास्त्रज्ञांनी सिलिकॉनची पट्टी उन्हात धरून वीज काढून दाखवली. सिलिकॉन वाळूपासून मिळतं. उन्हाचा किरण पट्टीवर पडला की तिच्यातले विजेचे कण हलतात आणि तारेतून वाहू लागतात. त्यात काही जळत नाही, फिरत नाही, धूर निघत नाही. सुरुवातीला ही पट्टी इतकी महाग होती की ती उपग्रहांवर लावत. 1958 साली अमेरिकेनं सोडलेल्या व्हॅनगार्ड नावाच्या उपग्रहावर ती होती. म्हणजे जी पाटी आज आपल्या कवेलूवर बसते, ती आधी आभाळात जाऊन आली.

दुसरा शोध दिव्याचा. एलईडीचे लाल, हिरवे बारके दिवे रेडिओवर आपण पाहिलेच होते. पण निळा एलईडी जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी तो जमवला. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा ही त्यांची नावं. त्यासाठी 2014 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. जुना बल्ब बरीचशी वीज उष्णतेत घालवतो, एलईडी थोडक्या विजेत उजेड देतो. म्हणून एवढ्याशा पाटीवर दिवा चालायला लागला. शिवाय 2010 ते 2020 या दहा वर्षांत सोलर पॅनेलचा जगातला भाव नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरला. या दोन कारणांनी ती माळ राजापेठेच्या फुटपाथवर आली.

आता हिशेब. दुकानदार म्हणाला, बिल वाचते. वाचतं, पण किती? तारेवरची साधी एलईडी माळ पाच वॉटची धरा. रोज पाच तास, पाच दिवस लावली, तर 125 वॉट-तास झाले. एक युनिट म्हणजे 1000 वॉट-तास. म्हणजे अख्ख्या दिवाळीत एका माळेला युनिटचा आठवा हिस्सा लागतो. चहाच्या एका कपाइतकेही पैसे नाहीत. जुन्या बल्बांची चाळीस वॉटची माळ असती तर एक युनिट झालं असतं. तेव्हा निव्वळ बिल वाचवायला कोणी सोलर माळ घेत असेल, तर तिनं ती घेऊ नये. पाच दिवस लावून पेटीत टाकायची असेल, तर ती फुकटच्या भावातही महाग आहे.

मग ती घ्यायची कशाला? जिथं तार जात नाही तिथं. तुळशीवृंदावनाशी, गोठ्यात, विहिरीच्या काठी, वावरातल्या खोपडीत. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळायचं आणि गोठ्यात बटन नाही, तिथं. ओल्या अंगणातून उघडी वायर ओढायची, तिच्यावरून पोरं उड्या मारणार, असं जिथं होतं तिथं. दिवाळीच्या घाईत जोड दिलेल्या वायरीचा झटका बसतो. सोलर माळेचा सेल थोड्याच व्होल्टचा असतो, त्याच्या उघड्या तारेला हात लागला तरी झटका बसत नाही. आणि लाइन गेली तरी हा दिवा चालूच राहतो. दिवाळी झाली की तोच दिवा पोराच्या पुस्तकाशी, रात्री मोटर सुरू करायला जाताना, बाळंतिणीच्या उशाशी चालला पाहिजे. वर्षभर वापराल तरच त्याचे पैसे वसूल होतात.

हे पुस्तकातलं बोलणं नाही. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक राहिलेले चेतनसिंह सोळंकी मूळचे मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातल्या खेड्यातले. 2014 च्या सुमारास त्यांच्या गटानं महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या खेड्यांत शाळेच्या मुलांना दहा लाख सोलर अभ्यास-दिवे द्यायचं काम हाती घेतलं. दिवा 120 रुपयांत मुलाला मिळायचा, उरलेली किंमत देणगी आणि अनुदानातून. पण खरी गोष्ट पुढं आहे. दिवे कारखान्यातून तयार करून वाटले नाहीत. सुटे भाग गावात आणले, गावातल्याच बाया-पोरींना ते जोडायला शिकवलं, आणि बिघडलेला दिवा दुरुस्त करायची सोय तिथंच ठेवली.

राजस्थानातल्या डुंगरपूरच्या आदिवासी बाया त्याच्याही पुढं गेल्या. बचत गटांत दिवे जोडता जोडता त्यांचा हात बसला, आणि 2017 साली त्यांनी सोलर पॅनेल बनवायचा कारखानाच सुरू केला. कारखान्याच्या मालकीण त्याच. नावही त्यांनी 'दुर्गा' ठेवलं. आता आठवा तो पैसा फंड, ती तळेगावची काच. शंभर वर्षांनी पुन्हा तेच झालं. या खेपेला मात्र ते बायांनी केलं.

आता आमच्या गटाची गोष्ट सांगते. तीन दिवाळ्यांमागं आम्ही गटाच्या पैशातून चोवीस सोलर माळा ठोक भावात आणल्या. वाटलं, विकू, चार पैसे सुटतील. अठरा विकल्या गेल्या. लक्ष्मीपूजनाला सगळ्या झगमगल्या, आम्हीही फुगलो. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यातल्या बारा परत आल्या. एकेक बाई यायची आणि माळ ओट्यावर ठेवून जायची. काही बोलत नव्हती, पण तोंड पाहून कळत होतं. दुकानदाराकडे गेलो तर त्यानं बिल मागितलं. बिल आम्ही घेतलंच नव्हतं.

दोन दिवस मी कोणाला तोंड दाखवलं नाही. पैसा माझा असता तर गिळला असता, पण तो गटाचा होता. त्यात मोलमजुरी करणाऱ्या बायांचे कापसाच्या वेचणीचे पैसे होते. शेवटी गटातलीच एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "मशीन बिघडली तं मी खोलतो. हे काहून नाही खोलायची?" तिनं छोटा पेचकस आणला आणि आम्ही सगळ्या ओसरीवर गोल करून बसलो.

बारा माळांतल्या पाच मुळात बिघडल्याच नव्हत्या. मागचं बटन बंद होतं. अशा पुष्कळ माळांत बटन बंद असलं की सेल भरतच नाही, आणि बाया दिवसा बटन बंद करून ठेवत होत्या, जसा आपण बल्ब बंद करतो तसा. चार माळांत सेलच्या टोकांना गंज चढला होता. तो घासला, नवे सेल टाकले आणि त्या लागल्या. तीन खरंच गेल्या होत्या. म्हणजे बारांपैकी नऊ वाचल्या. ती नऊ घरं आम्ही परत करून आलो. उरलेल्या तिघींचे पैसे गटानं भरून दिले. तोटा झाला, पण त्या ओसरीवर आम्ही जे शिकलो ते कुठल्या दुकानात मिळालं नसतं.

ते शिकलेलं आता तुम्हाला देते. घेताना बिल घ्याच, आणि हमी किती महिन्यांची ते त्यावर लिहून घ्या. मागचं झाकण स्क्रूचं आहे का ते पाहा. चिकटवून बंद केलेला दिवा दुरुस्त होत नाही. आतला सेल पेन्सिल सेलसारखा दिसतो, पण तो पुन्हा भरता येणारा असतो. तो बदलताना साधा सेल टाकू नका, साधा सेल भरायला गेलं की फुटतो, गळतो. निकामी सेल चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नका. एका डब्यात जमा करा आणि शहरात ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस, बटन चालू ठेवून, नुसतं ऊन दाखवा. पाटीचं तोंड दक्षिणेला करा, कारण दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडून जातो. पाटी थोडी कलती ठेवा. आपल्याकडे एकवीस अंशांच्या आसपास कल पुरतो, म्हणजे कवेलूच्या छपराच्या उतारासारखा. आंब्याच्या तोरणाची, तारेवरच्या लुगड्याची सावली तिच्यावर पडू देऊ नका. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा, वेचणीच्या दिवसांत धूळ फार बसते. आणि सोलर माळ खांबाच्या दिव्याखाली लावली तर ती लागणारच नाही. तिची पाटीच तिला सांगते की अंधार झाला का. खांबाचा उजेड पडला तर तिला वाटतं अजून दिवस आहे.

उन्हाचं गणितही लक्षात ठेवा. एक वॉटची पाटी, चार तास चांगलं ऊन, म्हणजे चार वॉट-तास. भरताना-काढताना चौथा हिस्सा वाया जातो, उरतात तीन. अर्ध्या वॉटचा दिवा त्यावर सहा तास चालतो. पण ढगाळ दिवशी निम्मंही मिळत नाही. 2019 साली ऐन दिवाळीत पाऊस झाला, सोयाबीन वावरातच सडलं, ते आपण विसरलो नाही. तसं आभाळ आलं तर सोलर दिवा मंदावणार, हे आधीच धरून चाला.

छतावरच्या मोठ्या सोलरबद्दलही पुष्कळ बाया विचारतात. 2024 साली केंद्राची सूर्यघर योजना आली. तीत एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा जास्तीला 78 हजार रुपये अनुदान ठेवलं. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून पुढं आली. बिल वाचवायचं असेल तर ही वाट खरी. पण एक गोष्ट विचारून घ्या. तारेला जोडलेलं आणि बॅटरी नसलेलं सोलर असेल, तर लाइन गेल्यावर छतावर ऊन असूनही घरात वीज नसते. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. हे आधी माहीत असलं की पुढं फसल्यासारखं वाटत नाही.

आणि पणती? ती काढायची नाही, बायांनो. देवापाशी, तुळशीपाशी, उंबऱ्यावर तेलाचाच दिवा. कुंभाराच्या चाकाला दिवाळीच्याच महिन्यात गती येते, ती आपण थांबवू नये. आकाशकंदिलात, गोठ्यात, अंगणाच्या टोकाला सोलर लावा. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रानं बांबूच्या राख्या दूरदूर पोचवल्या. तसा आपल्या गटानं कामट्यांचा कंदील बांधला आणि आत दुरुस्त होणारा सोलर दिवा बसवला, तर तो आपल्याच हातचा माल होईल. या वर्षी आमचा गट तेच करतोय. चोवीस नाही, फक्त दहा. प्रत्येक कंदिलाबरोबर एक चिठ्ठी देणार आहोत. बटन कुठं, सेल कोणता, बिघडला तर कोणाच्या ओसरीवर आणायचा, ते त्यावर लिहिलेलं असेल.

राजापेठेच्या त्या बाईला मी शेवटी एवढंच विचारलं, "बाई, हे बिघडलं तर कोण नीट करणार?" तिनं माळ उलटी केली, झाकण पाहिलं. चिकटवलेलं होतं. तिनं ती परत ठेवली आणि शेजारची, स्क्रूची, दहा रुपये जास्त देऊन घेतली. मग दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, बिल दे."

ऊन तर आपल्या वऱ्हाडात देवानं भरभरून दिलं आहे. जवसाच्या तेलानंतर दिव्याचं तेल पहिल्यांदाच पुन्हा आपल्या अंगणात आलं आहे. आता पेचकस तेवढा आपल्या हातात ठेवा.